कोणते शो बघू विचारलंस ना, मग हे घे

पाचोऱ्याच्या एका पोराने मला विचारलंय, की दादा तुम्ही इतकी वर्षं कॉमेडीचं एडिटिंग करताय, तर इंटरनेटवरचे स्वतंत्र, म्हणजे कुठल्या मोठ्या टीव्ही चॅनलच्या पैशावर न चालणारे, तुमचे आवडते कॉमेडी आणि रिव्ह्यू शो कोणते, आणि मला अहिराणीत पिक्चरचे रिव्ह्यू चालू करायचेत तर लोक ऐकतील का. प्रश्न दोन आहेत पण ते एकात एक अडकलेत, म्हणून सगळं एकत्रच लिहितोय. लांब होईल, चहा घेऊन बस.

आधी माझं थोडक्यात सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. २००६ पासून मी धुळे आणि अमळनेर भागात लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करत आलोय, मिनी डीव्ही कॅसेटच्या काळापासून. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि वर्षभरात गावागावात पोरं पारावर बसून फोनवर व्हिडिओ बघायला लागली, तेव्हा आम्ही चार जणांनी अहिराणी कॉमेडीचे छोटे भाग करायला घेतले. लग्नसराईत लग्नं, बाकीचे महिने कॉमेडी, आजपर्यंत असंच चाललंय. दोनशेच्या वर भाग मी स्वतः कापलेत, त्यामुळे जे सांगतोय ते टेबलावर बसून शिकलेलं आहे.

आता मुद्दा. मला जे शो आवडतात त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, ते नेमकं बोट ठेवतात. पिक्चर भंगार आहे, एकदम बकवास, पैसे वाया गेले, असं बोललं की कोणी हसत पण नाही आणि कोणाला काही कळत पण नाही. पण हिरो शेतात नांगर धरतोय आणि त्याच्या पांढऱ्या बुटाला चिखलाचा एक ठिपका नाही, हे दाखवलंस की पारोळ्याचा शेतकरी पण हसतो आणि पिक्चर कुठं खोटा पडला ते पण त्याला समजतं. हसणं आणि रिव्ह्यू दोन्ही त्या एका ठिपक्यातून निघतं. मी शो निवडतो ते एवढं बघूनच.

सगळ्यात वर मी ठेवतो रेड लेटर मीडियाला. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातली ही मंडळी, माइक स्टोक्लासा, जे बाउमन, रिच इव्हान्स. २००९ च्या डिसेंबरमध्ये यांनी मिस्टर प्लिंकेट नावाच्या एका खडूस म्हाताऱ्याच्या आवाजात स्टार वॉर्सच्या १९९९ सालच्या भागाचा रिव्ह्यू टाकला, सत्तर मिनिटांचा, सात तुकड्यांत, कारण तेव्हा यूट्यूबवर एवढा लांब व्हिडिओ सरसकट टाकता यायचा नाही. सत्तर मिनिटं रिव्ह्यू कोण बघतो असं तुला वाटेल. लोकांनी बघितला, आणि आज जे दोन-दोन तासांचे पिक्चर समजावणारे व्हिडिओ निघतात ना त्यांची वाट यानेच पाडली.

त्यातला एक तुकडा मी आमच्या टीममध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला दाखवतो. त्यात प्लिंकेट चार साध्या माणसांना कॅमेऱ्यासमोर बसवतो आणि सांगतो, या पात्राचं वर्णन करा, पण ते दिसतं कसं, कपडे काय घालतं, काम काय करतं, यातलं काही बोलायचं नाही. जुन्या भागातल्या पात्रांबद्दल माणसं धडाधड बोलतात, बेरकी आहे, मनाने चांगला आहे, फुशारक्या मारतो. नव्या भागातल्या पात्रांवर आली की गप्प, नुसतं अं अं. तिथं रिव्ह्यू करणाऱ्याने एक पण शिवी दिली नाही, लेक्चर दिलं नाही, आणि पिक्चरचं दुखणं सगळ्यांसमोर उघडं पडलं. हसू पण त्या अं अं मध्येच येतं. (प्लिंकेट हे पात्र फार घाणेरडं बोलतं, विकृत पण वागतं, ते मला आवडत नाही, घरच्यांसोबत लावू नको.)

हीच कसोटी आम्ही आमच्या स्क्रिप्टला लावतो. आमच्या एका भागात वायरमन होता. मी लिहिणाऱ्याला म्हटलं, वायरमन हा शब्द न वापरता मला हा माणूस सांग. त्याला सांगता आला नाही, कारण त्याने फक्त पक्कड आणि खांब लिहिला होता. मग आम्ही दोन तास बसलो आणि असं ठरलं की हा माणूस कोणालाच नाही म्हणत नाही, सगळ्यांना 'व्हई जाई, काळजी नको करू' म्हणतो आणि स्वतःच्या घरात मात्र तीन दिवस अंधार. झालं, भाग उभा राहिला. एकही जोक वेगळा लिहावा लागला नाही.

याच लोकांचे अजून दोन शो आहेत, हाफ इन द बॅग आणि बेस्ट ऑफ द वर्स्ट. दुसऱ्यात चार मित्र बसून कोणाला माहीत नसलेले जुने व्हिडिओ कॅसेटवरचे पिक्चर एकामागून एक बघतात, सगळ्यात भारी कोणता ते ठरवतात आणि सगळ्यात वाईट जो निघेल त्याची कॅसेट फोडतात. पण लक्ष देऊन बघ, शंभर रुपयात कोणीतरी जीव तोडून केलेला पिक्चर असेल तर ते त्याची इज्जत करतात, आणि पैसा असून आळस केलेल्याला सोडत नाहीत. ही माझ्या मते रिव्ह्यू करणाऱ्याची खरी पारख आहे.

अँग्री व्हिडिओ गेम नर्ड तू ऐकलं असशील. जेम्स रॉल्फ, २००४ ला त्याने पहिला व्हिडिओ घरीच बनवला, मित्रांसाठी, आणि यूट्यूबवर २००६ ला गेला. चिडलेला माणूस जुने गेम खेळतो एवढंच आहे, पण चीड कशावर आहे ते बघ. पहिल्याच व्हिडिओतल्या गेममध्ये दिवसाची रात्र झाली की खेळ थांबतो आणि स्क्रीनवर तीच ती पाटी हळूहळू उमटते, प्रत्येक वेळी, तुम्ही काही करू शकत नाही, नुसतं बघत बसायचं. त्याने ती पाटी धरली. ज्यांनी लहानपणी तो गेम खेळला त्यांना वाटलं अरे हे तर मला पण व्हायचं. आता नुसते आरडाओरडा करणारे रिव्ह्यूवाले आपल्याकडे पण खूप झालेत, त्यांनी याचा आवाज उचलला, पाटी नाही उचलली.

एडिटिंगसाठी एव्हरी फ्रेम अ पेंटिंग बघच. टोनी झोउ आणि टेलर रामोस, नवराबायको, २०१४ ते २०१६ त्यांनी मोजके व्हिडिओ केले. हा तसा कॉमेडी शो नाही, पण विनोद कॅमेऱ्याने कसा होतो याच्यावर त्यांचे दोन व्हिडिओ आहेत, एक एडगर राइट या ब्रिटिश दिग्दर्शकावर आणि एक जॅकी चॅनवर, ते मी किती वेळा बघितलेत याची गणती नाही. जॅकी चॅनच्या हाँगकाँगच्या पिक्चरमध्ये मार बसतो तो लांबच्या शॉटमध्ये पण दिसतो आणि जवळच्या शॉटमध्ये पण, कट मारताना दोनचार फ्रेम मुद्दाम पुन्हा येतात, म्हणून डोळ्याला दणका पोचतो. अमेरिकेतल्या त्याच्याच पिक्चरमध्ये कट घाईत आहे, मार लागला का नाही तेच कळत नाही.

यावरून माझा एक अनुभव सांगतो, कारण हे वाचून समजत नाही, करून समजतं. आमच्या एका भागात काका वावरातून येतात, हातपाय धुतात, डबा उघडतात, तिसऱ्या दिवशी परत वांग्याचं भरीत. काका डब्याकडे बघतात, मग काकूकडे बघतात, मग म्हणतात, 'आज बी भरीतच शे का?' शूटिंगच्या वेळी सगळे पोट धरून हसले. मी कापलं, आणि ते मेलं. तीन वेळा बघितलं तरी हसू येईना. मग कळलं की मी काकांनी डब्याकडे बघितलं की लगेच काकूंवर कट मारला होता, काकांना विचार करायला वेळच ठेवला नव्हता. चौदा फ्रेम वाढवल्या, सेकंदाला पंचवीसच्या हिशोबाने अर्ध्या सेकंदाच्या किंचित वर, त्यात काकांचा हात भाकरी मोडता मोडता थांबतो एवढंच दिसतं. परत लावलं आणि चहाच्या टपरीवर जे पाच लोक होते ते पाचही हसले. चौदा फ्रेम! म्हणून मी सांगतो, आवडलेला भाग एकदा मजेत बघ, दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघ, तिसऱ्यांदा डोळे मिटून नुसता ऐक. कुठं थांबलेत ते तेव्हा सापडतं.

टपरीचं बोललो तर ते पण सांगून टाकतो. आम्ही प्रत्येक भाग टाकायच्या आधी टपरीवर फोन टेकवून लावतो आणि मी स्क्रीनकडे न बघता लोकांकडे बघतो. हसले कुठं यापेक्षा मान वर कधी झाली, चहाकडे हात कधी गेला, हे वहीत वेळेसकट लिहितो. मान वर झाली तिथं भाग सैल आहे. कापायचं. कितीही जीव लावून शूट केलेलं असो.

हिंदीत कनन गिल आणि बिस्वा कल्याण रथ यांचे प्रिटेन्शियस मूव्ही रिव्ह्यूज बघ, २०१३ ला चालू झाले होते. दोन मित्र, जुना पिक्चर, बस. ते मोठ्या पडद्यावरच्या मूर्खपणाला एकदम गंभीर तोंडाने प्रश्न विचारतात, हा इथं का आला, याच्याकडे बंदूक होती ती कुठं गेली. तुला रिव्ह्यू करायचेत तर दोघांनी बोलण्याचा हा ढाचा सगळ्यात सोपा आहे, कारण एकटा माणूस कॅमेऱ्याशी बोलला की भाषण होतं आणि मित्राशी बोलला की गप्पा होतात.

मराठीत भाडिपा, म्हणजे भारतीय डिजिटल पार्टी, तर तुला माहीतच असेल, सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी २०१६ मध्ये काढलेलं. अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारीचा कास्टिंग काउच त्यातलाच, पाहुण्याला बोलावून त्याची फजिती करायची, आणि पाहुणा पण हसत फजिती करून घेतो. पण माझा जीव त्यांच्या आई आणि मी मालिकेत आहे, रेणुका दफ्तरदार आणि आलोक राजवाडे. पुण्यातलं घर आहे, आपल्यासारखं नाही, तरी आई फोन लावून ज्या सुरात 'जेवलास का' विचारते तो सूर चोपड्यात पण तोच आहे. गावाकडचं बघायचं तर कोरी पाटीचं गावाकडच्या गोष्टी आणि बारामतीकडचं चांडाळ चौकडीच्या करामती, या दोन्हींनी दाखवून दिलं की सेट लागत नाही, गावचा पार, चावडी, सोसायटीचं ऑफिस पुरे. आणि विनायक माळी. याचं मुद्दाम सांगतो कारण तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. तो आगरीत बोलतो. जळगाव-भुसावळच्या माणसाला आगरीतले सगळे शब्द कुठं कळतात, तरी आमच्याकडे पोरं त्याचे डायलॉग मारतात. तो शब्द समजावून सांगायला थांबत नाही, भांडण कशावरून आहे ते स्वच्छ ठेवतो.

आणि आपल्या शेजारी मालेगाव आहे, ते विसरून कसं चालेल. जिल्हा नाशिक असला तरी बोली आणि बाजार आपल्याशी जोडलेला. नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचा, तिथं पिक्चर बघत बघत दोन व्हीसीआर जोडून कापायला शिकला, आणि २००० साली त्याने शोलेची मालेगावी नक्कल केली, लग्नाच्या कॅमेऱ्यावर, पॉवरलूममध्ये काम करणारी माणसं नट म्हणून घेऊन. फैझा अहमद खान यांची २००८ ची सुपरमेन ऑफ मालेगाव ही डॉक्युमेंटरी तू आजच बघ. सायकलवर कॅमेरा धरून ट्रॉली केलीय, बैलगाडीची क्रेन केलीय. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं, कारण लग्नात आम्ही पण हेच करायचो आणि आम्हाला ते कमीपणाचं वाटायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा याच माणसांवरचा सुपरबॉइज ऑफ मालेगाव थिएटरला लागला. आणि याच पट्ट्यातून आलेला छोटू दादा आज यूट्यूबवर देशभर बघितला जातो, बिहारमधली पोरं पण खान्देश हा शब्द त्याच्यामुळे शिकली. मला त्यातले सगळे विनोद पटत नाहीत, उंचीवरून हसवणं मला नको वाटतं, पण त्या माणसाचं टायमिंग अस्सल आहे, तमाशातल्या सोंगाड्यासारखं, समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देतो आणि मग मारतो.

तर अहिराणीत कर का? कर. बिनधास्त कर. फक्त जी घरात बोलतोस तीच बोल. पाचोऱ्याची वेगळी, शिरपूरची वेगळी, नंदुरबारकडे गुजरातीची झाक येते, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, त्यामुळे कोणी ना कोणी म्हणणारच की ही काय अहिराणी आहे का. म्हणू दे. बळजबरीने जुने शब्द घुसवले की ऐकणाऱ्याला लगेच कळतं. 'हाऊ हिरो वावरमा कामले जास, पण त्याना बूटले चिखल लागेल नही', एवढं साधं वाक्य पुरे आहे, आणि खाली मराठीत सबटायटल दे, पुण्या-मुंबईत गेलेली आपली माणसं आणि त्यांची तिकडं वाढलेली लेकरं दोघं मिळून बघतात, असे फोन आम्हाला येतात.

आता कामाच्या दोनचार गोष्टी. पिक्चरची क्लिप वापरशील तर आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्याच्या कलम ५२ मध्ये टीका किंवा समीक्षेसाठी रास्त वापराला जागा आहे. अमेरिकेत २०१७ ला एच३एच३ नावाचं यूट्यूब चॅनल चालवणाऱ्या जोडप्याच्या बाजूने कोर्टाने निकाल दिला होता की क्लिप थांबवून थांबवून तिच्यावर बोलणं हे समीक्षेत बसतं, पण तो त्यांचा कायदा, आपल्याकडे तो लागू नाही, फक्त समजून घ्यायला चांगला. आणि कायद्यात बसलं तरी यूट्यूबची मशीन आधी क्लिप ओळखते, मग तुलाच भांडावं लागतं. तीन कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबचे ठपके, साचले की चॅनल जातं, एक स्ट्राइक नव्वद दिवस राहतो. म्हणून क्लिप छोटी घे, तिच्यावर तुझं बोलणं हवं, आणि गाणं अजिबात नको. आम्हाला गाण्यानेच फटका बसलाय, वरातीचा सीन होता, मागे डीजेवर खरंखुरं गाणं वाजत होतं, एका म्युझिक कंपनीचा क्लेम आला आणि त्या भागाचे सगळे पैसे तिकडे गेले. तेव्हापासून संबळ आणि डफडं वाजवणाऱ्याला बोलावून आम्ही आमचं संगीत रेकॉर्ड करून ठेवलंय, आणि खरं सांगू का, ते जास्त शोभतं.

आवाजावर खर्च कर, कॅमेऱ्यावर नको. फोनचा कॅमेरा पुरे. कॉलर माईक घे, खोलीत गोधड्या टांग, फॅन बंद कर, फ्रीजचं बटन बंद कर (आणि शूटिंग संपल्यावर आठवणीने चालू कर, आई रागावते). फोनवर व्हिडिओ आणि वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेत असशील तर एक खोड समजून घे, फोन फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम घ्यायच्या ते, कमीजास्त करत राहतो, त्यामुळे सुरुवातीला टाळी वाजवून चित्र आणि आवाज जुळवला तरी वीस मिनिटांनी ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे जातो. मी यात एक अख्खी रात्र घालवलीय. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आधी फाइल कॉन्स्टंट, म्हणजे एकसारख्या, फ्रेम रेटला बदलून घे आणि मगच कापायला बस. ट्यूबलाइटखाली पट्टे येत असतील तर शटर सेकंदाच्या एक पन्नासांशला ठेव, आपली वीज पन्नास हर्ट्झची आहे. शेवटी आवाज उणे चौदा लफ्सच्या (आवाज किती मोठा ते मोजायचं माप) आसपास ठेव, त्याच्यापेक्षा मोठा ठेवलास तर यूट्यूब स्वतःच खाली ओढतं.

पैशाचं लवकर सांगतो, कारण त्यात जास्त गोड सांगण्यासारखं नाही. जाहिरातीचा वाटा मिळायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं गेलं पाहिजे, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सला एक कोटी व्ह्यूज. ते झाल्यावर पण रिव्ह्यूमधून घर चालत नाही, निदान पहिली काही वर्षं. अमेरिकेतल्या ड्रॉपआउटचं बघ, आधी ती कॉलेजह्युमर नावाची केवढी मोठी कॉमेडी कंपनी, २०२० च्या जानेवारीत मालकाने हात काढून घेतला, शंभरेक माणसांची नोकरी गेली, आणि सॅम राइशने ती विकत घेऊन थेट प्रेक्षकांच्या महिन्याच्या वर्गणीवर उभी केली. आज त्यांचा गेम चेंजर हा शो बघायला लोक पैसे भरतात, कारण तिथं खेळणाऱ्यांना खेळ काय आहे ते माहीतच नसतं आणि ते तोंडावर खरं दिसतं. आपल्याकडे वर्गणीची सवय अजून नाही, म्हणून मी अजून लग्नं सोडलेली नाहीत, तू पण कॉलेज सोडू नको.

सुरुवात अशी कर. तुला मनापासून आवडणारा एक पिक्चर घे, ज्याचं एकच काहीतरी तुला लहानपणापासून खटकतं. फक्त त्या एका गोष्टीवर सहा मिनिटं बोल, मित्राला शेजारी बसव. प्लिंकेटची कसोटी घरात लाव, आईला विचार, आजीला विचार, त्या काय बोलतात ते रेकॉर्ड कर, मला खात्री आहे तुझ्या भागातलं सगळ्यात भारी वाक्य आजीचं असणार. झालं की कच्चा कट मला पाठव, संगीत न लावता पाठव. मी शनिवारी दुपारी मोकळा असतो, टपरीवर लावून बघतो आणि कुठं कुठं मान वर झाली ते वेळेसकट लिहून पाठवतो.